उगवलं एकदाचं

विज्ञानाच्या प्रयोगासाठी लेकीने कपात माती भरून खिडकीत ठेवली होती, पण काही केल्या त्यात कोंब फुटेना. आज तो कप शाळेत न्यायचा होता. पोरीचं हसं होऊ द्यायचं नाही, असा तिच्या शिंपी बापाने चंगच बांधला. ती अंघोळीला गेल्यावर त्याने शेजारणीच्या कुंडीतलं घेवड्याचं रोप उपटलं, कपात खोचलं आणि साळसूदपणे मशीनवर जाऊन बसला.

लेक आली आणि कपाकडे बघतच राहिली.

"बघ, उगवलं की नाही? तू उगाच धीर सोडतेस."

"बाबा, निर्जीव वस्तू उगवत नाही हे दाखवायला मी त्यात खडा पेरला होता." तिने कप छातीशी धरला. "बाईंचं धडधडीत चुकलंय. आज त्यांना सोडत नाही मी."