डिकीतला सुका मासा

बाबांनी आमच्या उल्सान शहरातल्या मोटार कारखान्यात तेहतीस वर्षं ब्रेक बसवले, आणि मी घेतली जर्मन गाडी. आमच्या गल्लीत घरटी एक माणूस त्याच कारखान्यात, म्हणून महिनाभर मी ती लांब बाजारामागे लावत होते. शनिवारी सकाळी बाबा म्हणाले, "आरुम, गाडी दारात आणून लाव. चोरीची आहे का?"

मी आणली. ते गाडीकडे एकदा बघून तडक बाजारात निघून गेले. मला वाटलं, झालं, आता आठवडाभर अबोला.

ते परत आले ते तांदळाची दारू आणि सुका मासा घेऊन. अपघात होऊ नये म्हणून आमच्याकडे नव्या गाडीची करतात तशी त्यांनी साग्रसंगीत पूजा केली. चारही चाकांवर दारू ओतली, मासा पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळून डिकीत ठेवला आणि शेजाऱ्यांदेखत गाडीपुढे डोकं टेकवलं. माझे डोळे भरून आले.

"म्हणजे तुम्ही रागावला नाहीत?"

"त्यात रागवायचं काय? देखणी आहे गाडी."

शेजारी आमची एकवीस वर्षांची जुनी गाडी उभी होती, बाबांच्याच कारखान्यातली.

"पण बाबा, आपल्या गाडीची तुम्ही कधीच पूजा केली नाहीत. आई एवढी मागे लागायची, तरी."

बाबांनी उरलेली दारू स्वतःच्या पेल्यात ओतली.

"तिचे ब्रेक मी बसवले होते. हिचे कोणी बसवलेत मला ठाऊक नाही, म्हणून देवाला सांगून ठेवलं."