हवा खेळायला जागा

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी सुनेचा कॉम्प्युटर बंद पडला. त्या पंधरवड्यातली ही नववी वेळ.

सून घरूनच एका कंपनीसाठी व्हिडिओ कापून जोडायची, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. कॅमेरा दर पाच मिनिटांनी तिचा फोटो कंपनीला पाठवायचा. खुर्ची रिकामी दिसली की लगेच विचारणा.

"यंत्र बिघडलं तर सुट्टी धरतात, आबा," ती एकदा हसत सासऱ्यांना म्हणाली होती. "माणूस बिघडलं तर नाही."

यंत्र निवायला अर्धा तास लागे. तेवढा वेळ ती मागच्या खोलीत जाऊन दार लोटून घेई. आबांना वाटे, पोर रडत असणार. काम सारखं थांबतं म्हणून कंपनीची ताकीद देणारी दोन पत्रं येऊन गेली होती; तिसरं आलं की काम गेलं.

मुलाचं म्हणणं, कॉम्प्युटरचा डबाच एवढासा, आत हवा खेळत नाही. पुढच्या महिन्यात नवा घेऊ, तोवर कुणी हात लावायचा नाही. कुणी म्हणजे आबांनी. आबांनी दुरुस्त करायला घेऊन कायमचा बंद पाडलेल्या मिक्सरची आठवणही त्यानं मुद्दाम काढली.

आबांनी चाळीस वर्षं शीतगृहातली यंत्रं सांभाळली होती.

"चार मजले गार ठेवले मी," ते म्हणाले. "हा बुटाच्या खोक्याएवढा डबा माझं ऐकणार नाही?"

"नकोच, आबा," सून म्हणाली. "उगाच तुम्हाला त्रास."

त्यांनी आधी नुसतं पाहिलं. रविवारी मुलगा त्याच कॉम्प्युटरवर चार तास गेम खेळला, तो बंद पडला नाही. आबांनी ते त्या दिवशीच्या गारव्यावर टाकलं. सोमवारी पावणेतीनला सुनेचं पेन पडलं. ती टेबलाखाली वाकली, उठली, कामाला लागली. पंचवीस मिनिटांनी पडदा काळा. पेन तर तिचं रोजच पडायचं. धांदरट आहे पोरगी, आबा मनात म्हणाले.

मंगळवारी सकाळी सहाला, सगळे झोपेत असताना, त्यांनी टेबलाखालून डबा ओढला. चालू करून पंख्यासमोर दोरा धरला, जेमतेम हलला. मग बंद करून त्यांनी पात्यांवरची धूळ काढली, वायरींचं जंजाळ एका कडेला बांधलं. हवा आत शिरते ती तळाच्या जाळीतून, हे ध्यानात आल्यावर चार रबरी बुचांचे पाय लावून डबा बोटभर उचलला. मागे एक पिवळं फडकं पडलं होतं. चार घड्यांचं, वर जाळीच्या चौकटी उमटलेल्या. त्यांनी त्यानंच सगळं पुसलं आणि ते धुऊन दोरीवर टाकलं.

त्या दुपारी पेन दोनदा पडलं. दुसऱ्या वेळी सून बराच वेळ वाकून होती.

तीन दहा झाले. साडेतीन. चार. आबांनी मुलाला फोन लावला. "म्हाताऱ्यानं हात लावला बरं का. डबा चालतोय. कळव तुझ्या मिक्सरला."

सात वाजता सून उठली. चहाचा कप तिला एका हातात धरवेना. मनगटं टम्म सुजली होती.

"छान केलंत, आबा," ती म्हणाली. दोन्ही हातांनी कप खाली ठेवला. "ते पिवळं फडकं कुठे ठेवलंत?"

आबा दोरीकडे बघत राहिले.

बुधवारी पावणेतीनला पेन पडलं. सून वाकणार तोच, "तू बस, मी उचलतो," म्हणत आबा टेबलाखाली शिरले. जाताना त्यांच्या खिशात फडकं होतं. वर आले तेव्हा चार रबरी बुचं. तीन वाजून दहा मिनिटांनी कॉम्प्युटर बंद पडला. तिसरं पत्र अजून आलेलं नाही.