कोटाचं माप

“श्वास सोडू नका. नीट उभे राहा,” टेलरबाई म्हणाली आणि तिने नवऱ्याच्या छातीभोवती पुन्हा टेप फिरवली. आकडा तोच आला.

“अगं, कोट शिवतेयस की मला बांधून ठेवतेयस?” तो हसला.

ती हसली नाही. गल्लीतल्या निम्म्या लोकांची मापं तिला तोंडपाठ. मग इतकी वर्षं संसार केलेल्या नवऱ्याचं माप चुकेल होय? छाती दोन इंच कमी, कंबर तर त्याहूनही जास्त उतरलेली. एवढा माणूस गेला कुठे?

तसं तिला आधीपासूनच खटकत होतं. तो चाव्या करून द्यायचा. चौकात त्याची छोटीशी टपरी. लग्न झाल्यापासून ती एकदा तरी डोंगरावर जाऊ या म्हणून मागे लागली होती आणि तो दर वर्षी “पुढच्या वर्षी नक्की” म्हणत आला होता. लोक काय आपल्याला विचारून चाव्या हरवतात का, दुकान बंद कसं ठेवायचं, हे त्याचं ठरलेलं उत्तर. तोच माणूस परवा चहा पिता पिता म्हणाला, “पुढच्या आठवड्यात डोंगरावर जायचं.” शाळेचे गणवेश शिवायचे पडलेत, तेवढे उरकू देत, असं ती म्हणाली, तर म्हणाला, “नाही. आत्ताच.” एवढ्या ठाम आवाजात तो कधी भांडखोर गिऱ्हाइकाशीही बोलला नव्हता.

मुलगी मात्र जाम खूश. तिची बॅग कधीच भरून झाली. “आई, निदान डोंगरावर तरी नीट कपडे घाल हं. जगाला मापात शिवून देतेस आणि स्वतः बघ, केवढे ढगळ!”

“आधी दुसऱ्यांचं उरकू दे,” टेलरबाई म्हणाली. तिचं लक्षच नव्हतं. गॅलरीत नवरा हॉटेलवाल्याशी फोनवर बोलत होता आणि तिचे कान तिकडे लागले होते.

“खोली तळमजल्यावरचीच हवी. पायऱ्या अजिबात नकोत. गाडी दारापर्यंत येते ना?” मग त्याने आवाज खाली केला. “आणि जवळपास चांगला दवाखाना आहे का?”

टेलरबाई मशीनला धरूनच खाली बसली.

तिला शेजारचे रिटायर्ड मास्तर आठवले. आधी ते पँट आवळून घ्यायला आले. मग पुन्हा आवळून घ्यायला आले. तिसऱ्यांदा त्यांचा मुलगा आला आणि त्याच पँटी कुणा गरजूला द्या म्हणून ठेवून गेला. एवढ्या वर्षांत तिला एक गोष्ट पक्की कळली होती. खाऊनपिऊन असलेल्या माणसाचे कपडे उगाच सैल होत नाहीत.

आणि हा तरी कुठे खाऊनपिऊन होता? हल्ली ताटावर बसला की दोन घास खायचा आणि उठायचा. “दुकानात खाल्लं गं काहीतरी.” मागच्या महिन्यात दोघांनी मिळून सगळ्या तपासण्या करून घेतल्या होत्या. रिपोर्ट आणायला तो एकटाच गेला. आल्यावर म्हणाला, “दोघंही ठणठणीत. तुझं रक्त जरा कमी आहे, एवढंच. गोळ्या घे.” तिनेही सुटकेचा निःश्वास टाकला होता. कसल्या बावळट आपण, तिला वाटलं. माणूस तोंडावर धडधडीत खोटं बोलला आणि आपण खुशाल काजं-बटणं करत बसलो!

कोट कापायला घेतला खरा, पण नव्या मापावर कात्री चालवायला तिचा हात धजेना. शेवटी तिने जुन्याच मापाने कापड बेतलं. भरेल की अंग परत. डोंगरावरची हवा चांगली असते म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगी बाहेर गेली, तेव्हा तिने कोट त्याच्या अंगावर चढवला. खांदे खाली ओघळले. पाठीला कापडाचा झोळ आला. बाह्यांतून नुसती बोटं दिसत होती.

“छान झालाय,” तो आरशात न बघताच म्हणाला.

आता मात्र तिला राहवलं नाही. डोळ्यांना धार लागली. “अहो, त्या तपासणीत तुमचं काय निघालं?”

“माझं? काही नाही.”

“मला फसवू नका. मी दवाखान्याचं ऐकलंय, पायऱ्यांचं ऐकलंय. काय असेल ते आपण दोघं मिळून बघू. पण खरं सांगा. माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला.”

“तुझ्या गळ्याची शपथ घालू नकोस गं,” तो एकदम ओरडला. मग मटकन स्टुलावर बसला.

“माझं खरंच काही निघालेलं नाही,” तो म्हणाला. “डॉक्टर म्हणाले, बाईंना कुठे फिरवून आणायचं असेल तर आत्ताच आणा. एकदा उपचार सुरू झाले की त्यांना बरेच महिने घराबाहेर पडता यायचं नाही.”

बाहेर कुणीतरी गणवेश झाले का म्हणून हाका मारत होतं. टेलरबाईने ओ दिली नाही.

“मग तुम्ही का एवढे वाळलात?” तिने विचारलं.

“तू समोर बसून वाढतेस ना,” तो म्हणाला, “तुझ्याकडे बघितलं की घास उतरत नाही.”