शेवटचं गाणं

दौलतरावांची बायको शेवंती एके वर्षी, ते परगावी नोकरीला असताना, वर्तकनगरच्या सोसायटीच्या गणपतीत गायली होती. त्या कार्यक्रमाची सीडी ते प्लेअरवर नेमाने लावत. शेवटचं गाणं मात्र तिने शेजारच्या साईनाथबरोबर म्हटलेलं; ते सुरू व्हायच्या आत दौलतराव बटण दाबून मोकळे होत.

आज सुनेने सीडी त्यांच्या फोनमध्ये उतरवली, स्पीकरवर लावली आणि ती कामाला निघून गेली. बंद कुठून करायचं ते दौलतरावांना कळेना. साईनाथचा गोड गळा ऐकून त्यांचा नुसता जळफळाट झाला. गाणं संपलं, टाळ्या पडल्या, बायका ओरडल्या, "शेवंती, आता नाव घे!"

"गाताना साथ कुणाचीही, मनात एकच सूर,
दौलतरावांचं नाव घेते, बसलेत किती दूर!"

स्वयंपाकघरातून शेवंती म्हणाली, "ऐकलंत एकदाचं?"