उत्तरेचा बुरूज

उत्तरेचा बुरूज पुन्हा पडला आणि फुसाएने हातातला छोटा व्हिडिओ गेम मांडीवर ठेवला.

"जाऊ दे रे, तोमोया," ती बंद दाराला म्हणाली. "उद्या बघू."

दारापलीकडे कोणीतरी खोकलं. खोकलाही मेला बापासारखाच, कोरडा आणि ओशाळलेला. छोट्या पडद्यावर निळ्या टोपीचा धनुर्धर कमरेत वाकला आणि दिसेनासा झाला. तोमोयाचं आईशी रोजचं बोलणं एवढंच.

चाळिशी उलटलेला मुलगा खोलीत कोंडून घेऊन बसला की आईबाप काय करतात? शेजाऱ्यांना तो तोक्योत नोकरीला आहे म्हणून सांगतात आणि जेवणाचं तबक दाराशी ठेवतात. फुसाएने दोन्ही केलं. साकाता शहरात अशा मुलांच्या पालकांची बैठक भरे, तिथल्या समुपदेशक बाईंनी बजावलं होतं, हे दार आतूनच उघडायला हवं, बाहेरून ढकललंत तर मुलगा कायमचा जाईल. फुसाएने ते इतकं मनावर घेतलं, की झाडतानाही ती त्या दाराला केरसुणी लागू देत नसे.

मग बर्फावरून घसरून तिचा खुबा मोडला. बऱ्याच दिवसांनी इस्पितळातून घरी आली, तेव्हा नवऱ्याने, कियोशीने, तिच्या हातात हा गेम ठेवला.

"दुसरा त्याच्याकडे आहे," तो म्हणाला. "आईशी खेळीन म्हणालाय."

फुसाए रडली आणि सत्तरीत गेम शिकली. दोन्ही गेम जवळ असले की आपोआप जोडले जात. दिवसा डोंगरदऱ्या धुंडाळून दगड आणि लाकूड आणायचं, वाटेत आडव्या येणाऱ्या राक्षसांशी तलवारीने भिडायचं, आणि अंधार पडला की गावच्या कंदिलाभोवती बुरूज उभारून धुक्यातून येणाऱ्या टोळ्या अडवायच्या. हिंडायचं फुसाएने, बांधायचं तोमोयाने. ती दाराबाहेर फरशीवर बसून खेळायची आणि आतल्या बटणांची टकटक ऐकत राहायची.

तबकही तेव्हापासून चाटूनपुसून परत येऊ लागलं. आधी चार घास घेऊन टाकणारा मुलगा सगळं संपवतो म्हटल्यावर तिला कोण हुरूप आला. डुकराच्या मांसाचे तळलेले तुकडे, बटाट्याच्या वड्या, वर कोपऱ्यावरच्या बेकरीतला गोड पुरणाचा पाव. मोकळ्या भांड्यांकडे बघून तिचंच पोट भरत असे.

कियोशीला मात्र यातलं काही नाही. त्याला साखरेचा आजार. त्याचा भात ती वाटीने मोजून वाढायची, सोबत भाजलेला मासा आणि उकडलेला पाला. तो मुकाट्याने जेवायचा, गोळी घ्यायचा आणि गोळीच्या कागदाची चौकोनी घडी घालून ताटाखाली सारायचा. हाताला लागेल त्या कागदाची घडी घालायची त्याला खोडच होती. तरी साखर चढतच होती. डॉक्टर फुसाएवर उखडले.

"अहो, बाहेर कुठे चरता?" तिने घरी येऊन विचारलं.

"या घरात मला गोड कोण देतं?" तो हसून म्हणाला.

तिने त्याच्या कोटाचे खिसे तपासले. काही सापडलं नाही. एक सिगारेट तेवढी त्याने राखली होती. ती खेळायला बसली की तो कपडे वाळवायच्या सज्ज्यात ओढायला जाई. सज्जा तोमोयाच्या खिडकीला लागून जात होता. आत डोकावता का, असं तिने एकदा विचारलं, तर पडदा ओढलेला असतो म्हणाला. पाकीट महिनाभर पुरायचं, याचं तिला समाधान होतं.

एका संध्याकाळी तिने धीर केला. "तोमोया, शेवटच्या दरीतला कंदील वाचवला, की खाली जेवायला येशील?"

धनुर्धर बराच वेळ नुसता उभा राहिला. मग वाकला.

तेव्हापासून ती दोघं शेवटच्या दरीत अडकून पडली. तीन दिशांचे बुरूज भक्कम असायचे, उत्तरेचा कायम अर्धवट. तिने दगडांची रास आणून टाकली तरी तोमोया तो पुरा करायचा नाही. फुसाए काय ते समजली. पोरगं बाहेर यायला घाबरतंय, असं तिने नवऱ्याला सांगितलं.

कियोशीने गोळीच्या कागदाची घडी ताटाखाली सारली. "तू फार चांगलं खेळतेस," तो म्हणाला. "जरा वाईट खेळत जा."

हिवाळ्यात त्याच्या पायाचं बोट काळं पडलं. मोज्यात लपवून त्याने ते कुणाला दाखवलं नाही. तापाने फणफणला तेव्हा विष रक्तात भिनलं होतं. रुग्णवाहिकेत त्याने तिचा हात धरला. "तबक आता ठेवू नकोस," तो म्हणाला. "तोमोया..." पुढचं त्याला बोलवलं नाही. तापात बरळतोय, असं तिला वाटलं. सकाळी तो गेला.

घरी येऊन ती आधी वर गेली. आदल्या दिवशीचं तबक तसंच होतं.

"बाबा गेले, तोमोया. उदबत्ती लावायला तरी ये."

आतून खोकलासुद्धा आला नाही. दुःखाने घास उतरला नसेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि सवयीने गेम सुरू केला. धनुर्धर आला नाही. मग तिने एकटीनेच दगड आणले, आणि अंधार पडल्यावर उत्तरेचा बुरूज स्वतःच्या हाताने पुरा केला. टोळ्या आल्या आणि फुटल्या. कंदील जळत राहिला.

"वाचवला बघ," ती म्हणाली. "तू शब्द दिला होतास."

ती वाट बघत बसली. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिने दाराला हात लावला. दार नुसतं लोटलेलं होतं.

गादीची घडी भिंतीशी होती आणि तिच्यावर जाड धूळ बसली होती. तोमोयाच्या कपड्यांचं कपाट रिकामं होतं, आणि भिंतीवरचं कॅलेंडर तिचा खुबा मोडला त्या महिन्यावर थांबलं होतं. दाराला अगदी लागून बसायची उशी होती, उशीवर दुसरा गेम, त्यावर कियोशीचा वाचायचा चष्मा, आणि बाजूला बेकरीतल्या गोड पावांचे कागद, सगळ्यांच्या नीट चौकोनी घड्या घातलेल्या.