चौथी खुंटी

गोणपाट बाजूला झालं आणि उलकानच्या हातातला झारा कढईतच राहिला. तेलातले कणकेचे बोरसोक करपले.

टेबलावर बेस गिटार होती. खिडक्यांना लावतात तो निळा रंग कुणीतरी तिला नखशिखांत फासला होता. मान वाकलेली, तारा गंजलेल्या, अंगाला आंबट वास. डोक्याकडे तीन खुंट्या आणि चौथीच्या जागी भोक. ते भोक उलकानच्या ओळखीचं होतं. एकोणीस वर्षांपूर्वी स्क्रू काढून ती खुंटी तिनंच उपसली होती.

"गुरांच्या बाजारात मिळाली," तिचा नवरा शेरगाझी म्हणाला. "मेंढीच्या एका मांडीच्या भावात. विकणारीची सासू म्हणे हिच्यावर दही टांगायची."

"मग दहीच आणायचं होतं," उलकान म्हणाली. तिनं करपलेले बोरसोक कढईबाहेर काढले.

तेव्हा शेरगाझी लग्नांत वाजवायचा. काराकोलमध्ये दर शनिवारी कुणाचं ना कुणाचं लग्न असायचंच. हा खिशात बोरसोक भरून दुसऱ्या दिवशी घरी यायचा, आणि घरात इलामान धरून दोन लहान पोरं दुधावाचून रडायची. एकदा तो शाळेच्या मुलांना घेऊन डोंगरावर गेला असताना उलकाननं त्याची गिटार खालच्या गावातल्या एका म्हातारीला दिली. तिच्या मुलाला वाजवायचं वेड होतं आणि तिच्याकडे जास्तीची गाय होती. शेरगाझी परतल्यावर उलकाननं सांगितलं, गिटार चोरीला गेली. गाय भावानं पाठवली, असंही सांगितलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून संध्याकाळभर बसून राहिला. मग दूध प्यायला आणि झोपला. पुन्हा त्यानं विषय काढला नाही. खुंटी मात्र बटणांच्या डब्यात राहिली. का ठेवली, हे तिला तेव्हाही सांगता आलं नसतं.

शेरगाझी शाळेत सुतारकाम शिकवायचा. सध्या सुट्टी होती. त्यानं गिटार मागच्या खोपटात नेली, नव्या नवरीसारखा तिच्यावर पांढरा रुमाल टाकला आणि गल्लीत जाहीर केलं, कोरुमदुक दिल्याशिवाय दर्शन नाही. नवरी असो, बाळ असो, गाडी असो, पहिल्यांदा बघणाऱ्यानं हातावर काहीतरी ठेवायचंच असतं.

"पैसे नकोत," तो म्हणाला. "सामान आणा."

शेजारच्या मेदेतनं मेलेल्या रेडिओतली वायर आणली आणि रुमाल उचलला.

"शेके," तो शेरगाझीला म्हणाला, "नवरी जरा जाडच आहे."

"माहेरचं दही खाल्लंय तिनं."

कुणी पॉलिशपेपर आणला, कुणी डाख. घोड्यांच्या दलालानं खोगिराचा जुना पट्टा दिला, तो खांद्यावर अडकवायला झाला. मानेच्या आतली लोखंडी सळई शेरगाझी रोज पाव फेरा पिळायचा; एकदम पिळली तर लाकूड तडकतं. नव्या तारा परवडत नव्हत्या, म्हणून जुन्याच त्यानं व्हिनेगर घालून पातेल्यात उकळल्या. मेदेतनं झाकण उचलून पाहिलं.

"वहिनी, आज लगमानच्या शेवया जरा कडक राहिल्यात."

उलकानला हसू आलं नाही. गिटारीच्या पाठीवर, खालच्या कडेला, शेरगाझीनं तरुणपणी तापलेल्या खिळ्यानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर डागलं होतं. निळा रंग तिथवर निघाला की सगळं उघड. ती खोपटात पाऊल टाकत नव्हती. आपल्याकडे द्यायला काही नाही, ही सबब तिला पुरत होती. रोज जेवताना मात्र ती विचारायची, "रंग कुठपर्यंत आला?"

"गळ्यापर्यंत."

दुसऱ्या दिवशी, "पोटापर्यंत."

नवव्या दिवशी तो म्हणाला, "पाठ निळीच ठेवतो. पाठ कोण बघतंय?"

त्या दिवशी उलकान पोटभर जेवली.

राहिली चौथी खुंटी. मेदेत म्हणाला, "शेके, शाळेत लेथ आहे की. तासाभराचं काम."

"लेथवरची नको," शेरगाझी म्हणाला. "नवरीला दागिना घरचाच लागतो."

शनिवारी मेदेतच्याच मुलाचं लग्न होतं. गुरुवारी दुपारी शेरगाझीनं तीन तारा चढवल्या, वाजवून पाहिल्या आणि उलकानला हाक मारून सांगितलं, "म्हातारे, मेदेतला निरोप दे. त्या एका बोटानं बाजा बडवणाऱ्या पोराला बोलाव म्हणावं. तीन तारांवर गेलो तर लोक विचारतील, चौथी बायकोनं खाल्ली का."

उलकाननं दारातून पाहिलं. तो गुडघ्यांवर हात ठेवून बसला होता. अगदी तसाच.

ती घरात गेली. बटणांचा डबा जमिनीवर उपडा केला. खोपटात येऊन तिनं स्वतःच्या हातानं रुमाल उचलला. निळ्याखालून मधाच्या रंगाचं लाकूड निघालं होतं. तिनं ते डोळे भरून पाहिलं आणि खुंटी त्याच्या तळहातावर ठेवली.

"हे माझं कोरुमदुक." मग एका दमात म्हणाली, "इलामानचे बाबा, चोर कुणी आलाच नव्हता."

शेरगाझीनं खुंटी बाहीला पुसली. भोकात घातली, चपखल बसली. शर्टाच्या खिशातून त्यानं तिचे स्क्रू काढले. नवे, मापाचे, अकरा दिवस तयार. ते पिळून त्यानं चौथी तार चढवली, ताणली, अंगठ्यानं छेडली. खोपटाची काच थरथरली.

"गिटार नेली आणि दारात गाय बांधून गेला," तो कान देऊन सूर लावत म्हणाला. "तेव्हाच मी मनाशी म्हटलं, म्हातारे, चोर चांगल्या घरचा दिसतो."