सूनबाईची जागा

दवाखान्यात बारा तास उभं राहून नर्स घरी यायची, तेव्हा तिच्या पायांचे तुकडे पडलेले असायचे. पण मॅच सुरू असली की सोफ्यावर टेकायची सोय नव्हती. ती बसली की विकेट जाते, हे सासऱ्यांनी तीनदा पडताळून पाहिलं होतं. "सूनबाई, तू आपली स्वयंपाकघरातच बरी," असं म्हणायचे.

फायनललाही ती ओट्याला टेकून उभीच होती. शेवटचा चेंडू, जिंकायला चार धावा. बाहेर सगळ्यांचा जीव टांगणीला लागलेला, आणि ही सरळ येऊन सोफ्यावर बसली.

"अगं, ऊठ! वाट लावशील मॅचची!" नवरा ओरडला.

ती हलली नाही. चेंडू सीमापार गेला. सगळ्यांनी घर डोक्यावर घेतल्यावर सासऱ्यांनी जाहीर केलं, "आजपासून हिला इथून कुणी उठवायचं नाही!"

तिने सुजलेले पाय वर घेतले.

 

शेजाऱ्यांच्या टीव्हीवर मॅच पंधरा सेकंद पुढे असते. त्यांचा जल्लोष भिंतीतून स्वयंपाकघरात आधीच ऐकू येतो, पण ते कळायला तिथे उभं राहावं लागतं.